दिवाणखाना पाहुण्यांचा, न्हाणी कुणाची?

गेल्या डिसेंबरात एका पहाटे फजरच्या वुजूसाठी उठलेली आमची अम्मी न्हाणीत पडली. वय ७१. शहाबादी फरशीवर साबणाचं पाणी साचलेलं, बल्ब आदल्या रात्रीच उडालेला, आणि धरायला ओल्या भिंतीशिवाय काही नाही. पडताना तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. डावं मनगट. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहा आठवड्यांत तिला काय सोसावं लागलं ते मी इथे लिहिणार नाही. डावा हात म्हटल्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

भेटायला सगळा मोहल्ला येऊन गेला. "शुक्र करा, खुबा वाचला." "वय झालं की असं होतंच." "अल्लाह सब्र देवो." मी सगळ्यांपुढे मान डोलावली. रात्री मात्र झोप लागेना. वय झालं म्हणून पडली, असं म्हटलं की विषय मिटतो आणि कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही. पण ज्या खोलीत ती पडली त्या खोलीतली एक वीटसुद्धा आम्ही चाळीस वर्षांत बदलली नव्हती. मग यात वयाचा दोष किती आणि आम्हा मुलांचा किती? हा लेख त्या हिशेबाचा आहे. आणि हा हिशेब फक्त माझ्या घराचा आहे असं मला वाटत नाही.

आधी ती खोली कशी होती ते सांगतो. आमचं घर सोलापूरच्या जुन्या वस्तीत, दगड-मातीच्या भिंतींचं, अर्ध्यावर अजून माळवद. अब्बा-अम्मीच्या खोलीला लागून १९८४ साली अब्बांनी हे बाथरूम बांधलं. पाच फूट बाय सात फूट. खालून पाइपला उतार मिळेना म्हणून मिस्त्रीने संडासाचं भांडं वर उचललं, त्यामुळे दोन पायऱ्या चढून बसायचं. पाणी खोलीत येऊ नये म्हणून दाराला चार इंचांचा उंबरा. दार आतल्या बाजूला उघडणारं. खिडकी दोन विटांएवढी, तीही शेजाऱ्यांची गच्ची झाली तेव्हा पत्रा ठोकून बंद केलेली. नळ गुडघ्याच्या उंचीवर, समोर लाकडी पाट, त्यावर बसून वुजू. तरुण माणसाला यात काही खटकत नाही. मलाही खटकलं नाही. मी त्याच बाथरूममधून अंघोळ करून शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, बीएडला गेलो आणि आता शिकवायला जातो.

या चाळीस वर्षांत घराला हात लागलाच नाही असं नाही. पुढच्या खोलीला दोनदा नवी फरशी झाली. पीओपीचं छत झालं, त्यात लपवलेले पिवळे दिवे झाले. धाकट्या भावाच्या लग्नात लोखंडी फाटक आलं. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः हप्त्यांवर सोफा घेतला. छत आणि सोफा मिळून दोन लाखांच्या वर गेले. त्या सोफ्यावर आठवड्यातून दोनदा कुणीतरी बाहेरचा माणूस बसतो. अम्मी त्यावर बसत नाही, तिला तो फार खोल वाटतो, उठता येत नाही. बाथरूममध्ये ती दिवसातून आठ-दहा वेळा जाते. पैसा कुठे गेला आणि पाय कुठे पडतात, याचा आम्ही कधी मेळ घातला नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्दांकडे लक्ष जातं. दिवाणखाना आणि गुसलखाना हे एकाच घडणीचे शब्द. मोगल दरबारात अकबर-जहांगीरच्या काळात बादशहाच्या अगदी खासगी बैठकीच्या जागेला गुसलखाना म्हणत. ती जागा बादशहाच्या स्नानगृहाजवळ होती आणि तिथे फक्त जवळच्या, विश्वासाच्या माणसांना प्रवेश होता. आम दरबार सगळ्यांसाठी, गुसलखाना खास माणसांसाठी. आपल्या घरांत याच्या नेमकं उलटं आहे. जो सगळ्यांत लांबचा, त्याच्यासाठी सगळ्यांत चांगली खोली. जी सगळ्यांत जवळची, तिच्या वाट्याला घरातली सगळ्यांत अंधारी, ओली आणि निसरडी जागा.

आणि हे आपण करतो, ज्यांच्या दिवसाची सुरुवातच पाण्याने होते! पाकीला आपण ईमानाचा अर्धा हिस्सा मानतो. वुजू, गुस्ल, इस्तिंजा यांचे मसले आपल्याला लहानपणी मदरशात पाठ करून घेतलेले असतात. पाणी कोपरापर्यंत गेलं पाहिजे हे सहा वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. पण गुडघ्यात वाटी सरकलेली म्हातारी बाई एका पायावर उभी राहून दुसरा पाय कसा धुते, हे तिच्या चाळिशीतल्या मुलाला ठाऊक नसतं. मला नव्हतं.

अम्मीच्या पडण्यानंतर मला आणखी एक गोष्ट कळली, तीही माझ्या बायकोने सांगितली म्हणून. अम्मी असरनंतर पाणी पीत नव्हती. रात्री त्या दोन पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून. किती वर्षं? बायको म्हणाली, अब्बा गेल्यापासून तरी. म्हणजे २०११ पासून. मधल्या काळात अम्मीला लघवीच्या जंतुसंसर्गासाठी तीनदा दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणाले, पाणी जास्त प्या. अम्मी प्रत्येक वेळी "हो" म्हणाली. आम्ही औषधं आणली आणि तिला त्याच घरात, त्याच दोन पायऱ्यांपाशी आणून सोडलं.

तिला विचारलं, "बोललीस का नाही?" तर म्हणाली, "मेरेकू आदत है रे. तुम लोगां पैसे नक्को उडाओ."

हे "आदत है" वाक्य आपल्या प्रत्येक घरात आहे आणि आपण सगळे त्याच्या आडोशाला बसलो आहोत. बायकांनी त्रास सहन केला की आपण त्याला सब्र म्हणतो आणि सब्र म्हटलं की त्याला सवाबाची चमक येते. मग दुरुस्ती करणं म्हणजे जणू तिच्या पुण्यात अडथळा! मी हे स्पष्ट लिहितो: ज्या दुःखावर इलाज नाही त्यावर सब्र असतो. मयतावर सब्र असतो, असाध्य आजारावर असतो. ज्या त्रासावर मिस्त्री, सिमेंट आणि तीन आठवडे एवढा इलाज आहे, त्यावर आईला सब्र करायला लावणं ही मुलांची हलगर्जी आहे. आई-वडिलांपुढे "उफ्" देखील करू नये असं आपल्याला शिकवलेलं आहे. आपण "उफ्" करत नाही, खरं आहे. फक्त त्यांचं "उफ्" आपल्याला ऐकू येत नाही, कारण न्हाणीचं दार बंद असतं.

आता आक्षेपांकडे येतो. अम्मीचं प्लास्टर निघायच्या आत मी घरात विषय काढला आणि एकेक आक्षेप पुढे येत गेला.

पहिला आक्षेप वाटणीचा. घर अजून अब्बांच्याच नावावर आहे. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. भाऊ म्हणाला, "खर्च आपण करायचा आणि उद्या ही खोली कुणाच्या हिश्शात जाईल कुणास ठाऊक." यात तो वाईट काही बोलला नाही, मोहल्ल्यात जे चालतं तेच बोलला. आपल्याकडची किती जुनी घरं याच एका वाक्यामुळे गळत आहेत! घर सगळ्यांचं म्हणून दुरुस्ती कुणाचीच नाही. वारसाची वाटणी लवकर करायला सांगणारा दीन आपला, आणि दहा-दहा, वीस-वीस वर्षं वाटणी न करता बसणारेही आपणच. कशासाठी? बहुतेक वेळा बहिणींना हिस्सा द्यावा लागू नये म्हणून, हे उघड गुपित आहे. एक दिवस त्या सासरहून येतील आणि हक्कसोडपत्रावर सही करतील, याची वाट बघत घर कुजतं.

मी फळ्यावर गणित मांडावं तसं भावापुढे मांडलं. अब्बांच्या नावावर ८०० चौरस फूट. मुलं असताना बायकोचा हिस्सा आठवा. म्हणजे अम्मीचे १०० चौरस फूट, आपल्या कुणाच्या मेहेरबानीशिवाय, आजच्या आज तिच्या मालकीचे. बाथरूम ३५ चौरस फुटांचं. जी बाई १०० फुटांची मालकीण आहे तिला तिच्याच ३५ फुटांत नीट उभं राहता येत नाही, आणि आपण विचारतोय खर्च कुणाच्या हिश्शात जाईल? भाऊ गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने त्याचा भाग दिला. मोठ्या आपाने पैसे पाठवले आणि फोनवर एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी आधीच दिले असते." तिला कुणीच विचारलं नव्हतं. मुलीला घराच्या कामात विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

दुसरा आक्षेप इस्राफचा. नात्यातले एक बुजुर्ग म्हणाले, संडास-बाथरूमवर लाख-दीड लाख घालणं ही उधळपट्टी आहे. हेच बुजुर्ग आमच्या पीओपीच्या छताखाली बसून चहा पिताना "माशाअल्लाह" म्हणाले होते. दिखाऊ नळ, काचेचं पार्टिशन, छतातून पडणारा शॉवर हा इस्राफ असेल. धरायचा दांडा आणि न घसरणारी फरशी ही गरज आहे. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांचं साठवून ठेवावं लागतं. अशा ठिकाणी गळणारा जुना नळ आणि झिरपणारी टाकी यांच्याएवढा इस्राफ दुसरा कुठला?

तिसरा आक्षेप सगळ्यांत नाजूक होता आणि तो अम्मीचाच होता. "तुम्हारे अब्बा की निशानी है." यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. मग मी तिलाच विचारलं, १९८४ च्या आधी काय होतं? तिने सांगितलं. मागच्या अंगणात पत्र्याच्या दाराचा संडास होता, खाली डबा. रोज सकाळी एक बाई मागच्या बोळातून येऊन तो डबा डोक्यावरच्या टोपलीत रिकामा करून न्यायची. अम्मी नवी सून होती, तिला त्या बाईकडे बघायची लाज वाटायची. अब्बांनी कर्ज काढून सेप्टिक टँकसह हे बाथरूम बांधलं तेव्हा काही नातेवाईक म्हणाले होते, घरात संडास? पलंगाशेजारी? घर नापाक कराल. अब्बांनी ऐकलं नाही.

असले संडास कायद्याने बंद करायला या देशाला १९९३ साल उजाडावं लागलं. आणि संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँक किंवा गटारात उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ मध्ये आला. त्याच्या आधी कितीतरी वर्षं कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाचे प्रयोग करून भंगीमुक्तीसाठी आयुष्य घालवलं होतं. अब्बांनी अप्पासाहेबांचं काही वाचलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण एका बाईच्या डोक्यावरची टोपली आपल्या घरापुरती त्यांनी उतरवली. मी अम्मीला म्हटलं, अब्बांची निशाणी ती फरशी नव्हे. लोकांचं न ऐकता वेळेवर बाथरूम बांधलं, ही त्यांची निशाणी. ती पुढे चालवायची तर फरशी फोडावीच लागेल. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने तिथलं आपलं तांब्याचं तपेलं स्वतः उचलून आत नेलं.

मग सुरू झाली बाजाराची लढाई. दुकानदाराने आधी काय दाखवलं असेल? आरशासारख्या चकचकीत पांढऱ्या टाइल्स. "सर, हॉटेलसारखं दिसेल." पुतण्याने मोबाइलवर रील दाखवले, तेही हॉटेलचेच. म्हणजे न्हाणीसुद्धा आता दिवाणखाना व्हायला निघाली. चाळीस वर्षं दुर्लक्ष केलं आणि आता लक्ष द्यायचं तेही बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी! अशा चकचकीत फरशीवर अम्मी दुसऱ्यांदा पडली असती, आणि या वेळी आम्ही त्यासाठी पैसे मोजले असते.

म्हणून आम्ही काय केलं ते थोडक्यात लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल. फरशी खरखरीत, मॅट, लहान मापाची घेतली, कारण जास्त सांधे म्हणजे पायाला जास्त पकड. उतार तीन फुटांना साधारण अर्धा इंच, थेट नहाणी ट्रॅपकडे. (प्लंबरच्या इंग्रजी याद्यांतसुद्धा हा शब्द 'नहाणी ट्रॅप' असाच आहे, आपली न्हाणी तिथे टिकून आहे.) जुनी फरशी फोडल्यावर खाली वॉटरप्रूफिंग नावालाही सापडलं नाही आणि लोखंडी पाइप गंजून आत बोटाएवढी वाट उरली होती. अम्मीच्या पलंगामागच्या भिंतीला दर वर्षी लोणा का लागतो, ते तेव्हा समजलं. नवा कोबा झाल्यावर मी मिस्त्रीला दोन दिवस पाणी भरून ठेवायला लावलं. तो कुरकुरला, मी ऐकलं नाही. फरशी बसल्यानंतर गळती शोधण्यापेक्षा दोन दिवसांची मजुरी स्वस्त.

उंबरा काढला. दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडून बसतं. कडी बाहेरूनही काढता येईल अशी. कमोड नेहमीपेक्षा थोडा उंच, १८ इंचांचा, उजव्या हाताशी जेट. कमोड किब्ल्याकडे तोंड-पाठ करून नको होता, तर ते आम्ही कागदावर आखतानाच ठरवलं. फरशी बसल्यावर आठवलं असतं तर पाइप पुन्हा उखडावा लागला असता. धरायचे स्टीलचे दांडे तीन: एक कमोडशेजारी, एक दाराशी, एक वुजूच्या नळाजवळ. मातीच्या जुन्या भिंतीत बोल्ट टिकत नाही, म्हणून तेवढा भाग सिमेंटमध्ये पुन्हा बांधला. दांड्याची उंची पुस्तकात ३३ ते ३६ इंच सांगतात, पण आम्ही अम्मीला स्टुलावर बसवलं, उठायला सांगितलं आणि तिचा हात जिथे गेला तिथे खडूने खूण केली. वुजूसाठी उंच बैठक आणि समोर पाय धुवायला उथळ पन्हाळी. रात्रभर जळणारा छोटा दिवा. गिझरचं बटण बाहेर, लाइनला ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी. गॅसचा गिझर कुणी स्वस्त म्हणून सुचवला, तो मी साफ नाकारला. बंद बाथरूममध्ये त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आतच बेशुद्ध होतो. खिडकीचा पत्राही काढला आणि वर झरोका केला.

एकूण खर्च १ लाख ३८ हजार. दिवस १९. सोफा आणि छतापेक्षा कमी. हा आकडा मी मुद्दाम लिहितो आहे, कारण "ऐपत नाही" हे कारण आमच्या घरात खोटं होतं. ज्यांची खरोखर ऐपत नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांनाही एवढं सांगेन की एक दांडा, एक दिवा आणि बाहेर उघडणारं दार, एवढ्याला लाख लागत नाहीत. आणि ज्यांच्या हातात मशिदीचा कारभार आहे त्यांनाही विनंती: वुजूखान्यात चकचकीत मार्बल घालण्याआधी जमातीतल्या सर्वांत म्हाताऱ्या नमाज्याला तिथे एकदा ओल्या पायांनी चालवून बघा.

अम्मी खूश झाली का? तिने तसं काही म्हटलं नाही. दांडा थंडीत गार लागतो, ही तिची तक्रार आहे. फरशीच्या सांध्यांत मळ दिसतो, ही दुसरी. पण आता रात्री तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला असतो आणि सकाळी तो रिकामा असतो.

वाचकहो, लेख आवडला म्हणून कळवू नका. आज इशानंतर एक काम करा. आपल्या आई-वडिलांच्या बाथरूममध्ये जा. चष्मा काढा, दिवा लावू नका, फरशीवर साबणाचं पाणी ओता, एका हातात बादली धरा आणि खाली बसून पुन्हा उठून दाखवा. जमलं तर तुमच्या घराला या लेखाची गरज नव्हती. नाही जमलं तर उद्या सकाळी मिस्त्रीला फोन करा, आणि बहिणीलाही.